तिसऱ्या कडव्याची चाल

वडिलांची विमा कंपनीतली नोकरी बदलीची होती. दोन हजार साल उलटल्यावर आम्ही जयपूरला आलो आणि मालवीय नगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. नगर जिल्ह्यातला आमचा नाताळ तिथे पोचेपर्यंत बराच बदलला. करंजीत खोबऱ्याऐवजी मावा आला, कारण घरमालकीणबाई तो स्वतः आणून द्यायच्या. तारा पतंगाच्या कागदाचा असे. संक्रांतीच्या आधी तो कागद कोपऱ्यावरच्या दुकानात भरपूर मिळे. येशूजन्माच्या देखाव्यात, म्हणजे आमच्या गव्हाणीत, बैलाच्या जागी मातीचा उंट बसे. बाजारात बैल मिळाला नव्हता.

एक गोष्ट मात्र बदलायची नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. तिथल्या चर्चमधली उपासना हिंदीत व्हायची. म्हणून घरी परतल्यावर, जेवणाआधी, गव्हाणीसमोर बसून ख्रिस्तजन्माचं मराठी भजन म्हणायचंच. धाकट्या बहिणीला मराठी अडखळत येई. ती अर्थ न विचारता सगळी कडवी पाठ म्हणे.

एका वर्षी नाताळला आजोबा आमच्याकडे होते. ते निवृत्त शिक्षक. गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवून तेच भजन सांगायचे. उन्हाळ्यात आजी गेली आणि त्यांनी गाणं सोडलं. जेवणाआधीची प्रार्थनाही ते करीनासे झाले. वडील प्रार्थना करत, तेव्हा आजोबा उघड्या डोळ्यांनी ताटाकडे बघत राहत. आमच्या घरात भजन सांगण्याचा, म्हणजे सुरुवात करून देण्याचा, मान सर्वांत मोठ्याचा. नाताळला तरी ते तोंड उघडतील, ही वडिलांची आशा होती. पण कुणी आग्रह करायचा नाही, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये आजोबा प्रत्येक गीताला उभे राहिले आणि गप्प राहिले. घरी आल्यावर खोल्या गार होत्या म्हणून आईने गव्हाण गच्चीवर उन्हात मांडली. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग चढले होते. मालकीणबाई गाजराचा हलवा घेऊन वर आल्या आणि चटईच्या कडेला बसल्या. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली. आजोबा उंटाकडे बघत होते. शेवटी वडिलांनीच पातेल्याच्या झाकणावर ठेका धरला आणि सुरुवात केली.

तिसऱ्या कडव्याला आजोबांनी हात वर केला.

"थांबा. इथं चाल खाली येते. तुम्ही वर कुठं निघालात?"

वडील म्हणाले, आम्ही पहिल्यापासून असंच म्हणतो.

सासूसासऱ्यांना आई आत्याबाई आणि मामा म्हणायची. तिने हातातली ताटली खाली ठेवली. "मामा, आत्याबाई अशीच म्हणायच्या. त्यांच्याकडूनच शिकले मी."

आजोबांनी मान हलवली. "माहीत आहे. लग्न झाल्यापासून सांगत होतो तिला. चर्चमधली सगळी मंडळी खाली आणि ही एकटी वर. पाळकसाहेब दचकून बघायचे."

बहिणीने विचारलं, "मतलब, आजी चुकायची?"

"चुकतेय कसली. ऐकायची नाही."

आम्ही हसलो. मालकीणबाईंना काही कळलं नव्हतं, त्याही हसल्या. आजोबांनी वडिलांच्या हातून झाकण घेतलं आणि तिसरं कडवं पुन्हा धरलं. आता बरोबर चाल शिकावी लागणार, म्हणून आम्ही खालच्या सुरावर उतरण्याच्या तयारीत होतो. आजोबांचा सूर वर गेला. कित्येक महिने न वापरलेला आवाज वरच्या सुराला फाटला. बहिणीने तो सूर उचलला, आणि पुढचं सगळं आम्ही आजीच्या चालीत म्हटलं. आजोबांनी ते कडवं आणखी एकदा घ्यायला लावलं.

देव माणसांत राहायला आला, असं त्या सकाळी प्रवचनात सांगितलं होतं. दरवर्षी सांगतात. गच्चीवर मला ते पहिल्यांदा खरं वाटलं: तो आला तो माणसं जशी होती तशा घरात, बरोबर चालीची वाट न बघता.

"उंट आधीच येऊन बसला," आजोबा झाकण परत देत म्हणाले. "त्याच्यावर बसून बाळाला बघायला येणारे मागी लोक कुठं राहिले?"

ताटं मांडली गेली. वडिलांनी सवयीने हात जोडले, पण आजोबांनी त्यांच्याआधी सुरुवात केली. अन्नाबद्दल, मालकीणबाईंच्या हलव्याबद्दल आणि अजिबात न ऐकणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. आमेन होईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते. हे मला सांगता येतं, कारण माझे उघडे होते.