रोमन पोथीतल्या माझ्या अकरा ओळी

"इथं चार बोटं सोड," असं म्हणून सर खरोखरच आपली चार बोटं कागदावर आडवी ठेवत. लॅटिनमधलं काही कळलं नाही की मराठी वहीत ते बोटांनी मोजून जागा कोरी ठेवत, आणि मी टाइप करतानाही ती तेवढीच कोरी राहिली पाहिजे हा त्यांचा हट्ट. शब्द अडला तर एक बोट. वाक्य अडलं तर दोन, दोन वाक्यं अडली तर चार. लिहिणाऱ्याचंच डोकं फिरलंय असं वाटलं तर अख्खा पंजा.

धाराशिवच्या कोर्टासमोरून सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही कधी गेला असाल, तर त्यांना पाहिलं असणार. खिशाला दोन पेनं, काखेत छत्री, हातात बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळालेली पिशवी. रस्ता ओलांडताना मध्येच थांबून डांबराच्या कडेला उगवलेल्या रोपाकडं वाकून बघणार. रिक्षावाले हॉर्न न वाजवता बाजूनं काढायचे. निम्म्यांना त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं होतं.

मलाही शिकवलेलं. बारावीला मी त्यांच्याच विषयात नापास झालो आणि टायपिंगच्या क्लासला गेलो. कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे त्याला एका अर्थानं सरच जबाबदार, असं मी त्यांना म्हणायचो. ते म्हणायचे, "मग माझं काम आधी कर."

वनस्पतिशास्त्राच्या माणसाला लॅटिन कुठून आलं, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. पूर्वी नवी वनस्पती सापडली की तिचं वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागे. बालाघाटाच्या डोंगरात एखादं अनोळखी गवत आपली वाट बघतंय, अशी सरांची तरुणपणापासून खात्री होती. म्हणून त्यांनी पुस्तकं मागवून लॅटिन आधीच शिकून ठेवलं. मग तीस वर्षं डोंगर हिंडले. "गवत काय घावलं न्हाय," ते सांगत, "लॅटिन तेवढं अंगावर राहिलं."

ते वापरात आणलं काकूंनी. म्हणजे सरांच्या बायकोनं. काकू रोज सकाळी पेपरातलं राशिभविष्य मोठ्यानं वाचायच्या आणि सर रोज हसायचे. एक दिवस काकू म्हणाल्या, "आधी वाचा, मग हसा." सरांनी ते मनावर घेतलं. इंटरनेटवर कुठंतरी त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीची एक रोमन पोथी सापडली. सगळी ज्योतिषाची आणि सगळी पद्यात. कुठला तारा उगवताना जन्मलेला माणूस पुढं काय होतो, हे त्यात सांगितलेलं. छापून घ्यायला ते माझ्याकडं आले. मेंढा, बैल, जुळी, खेकडा. बाराच्या बारा राशी आपल्याच, त्याच क्रमानं.

"अगं, हे तर तुझ्या पेपरातलंच हाय," ते घरी जाऊन म्हणाले.

"बघा. दोन हजार वर्षं लोक वाचतायत. सगळे काय येडे हायेत?" काकू म्हणाल्या.

तेव्हापासून आठवड्याला एक पान मराठीत आणायचं आणि शुक्रवारी माझ्याकडं टाइप करून घ्यायचं, असा नेम सुरू झाला.

सर काहीतरी ज्योतिषाचं करतायत ही बातमी कोर्टाच्या आवारात पसरायला दोन शुक्रवार पुरले. पक्षकार हात पुढं करू लागले. एका वकीलसाहेबांनी तर पत्रिकाच आणली. "सर, माझ्या भावकीच्या दाव्याचं बघा की, कधी निकाली निघंल."

सर म्हणाले, "वकीलसाहेब, मी ज्योतिषी नव्हे, हमाल. तिकडचं पोतं इकडं आणून टाकतो. आत काय हाय ते मला इचारू नका."

"पण पोतं उघडून तर बघता ना?"

"बघतो. तुमचा दावा त्यात न्हाय."

आता त्या कोऱ्या जागांबद्दल. माझा धंदा प्रतिज्ञापत्रांचा. आमच्या धंद्यात कोरी जागा म्हणजे पाप. एक रकाना मोकळा राहिला तर कारकून अर्ज परत फेकतो. माहिती नसेल तिथं 'निरंक' लिहायचं, हे माझ्या बोटांना डोक्याआधी कळतं. पहिल्याच प्रकरणात मी सरांच्या सगळ्या कोऱ्या जागी 'निरंक' टाइप करून ठेवलं. 'सिंह राशीचा तिसरा अंश उगवताना जन्मलेला पुरुष निरंक.' सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "लेका, अख्ख्या पुरुषालाच निरंक केलंस?" मग गंभीर होऊन म्हणाले, "मला कळलं न्हाय म्हंजे त्यात काही न्हाय असं न्हाय. थांबायचं. येतं ते."

आणि यायचंही. त्या पोथीत एका ठिकाणी म्हटलं होतं की बैल उलटा उगवतो, पाठचा भाग आधी. सरांना काही केल्या ते चित्र दिसेना. तीन महिने ती दोन बोटं कोरी होती. मग ते ईट गावी एका लग्नाला गेले. परत येताना एसटी थांबली तिथं एक शेतकरी टेम्पोतून बैल उतरवत होता. बैल तोंड आत करून उभा, वळायला जागा नाही, म्हणून त्याला टेम्पोच्या मागच्या फळीवरून मागं मागं घेत होते. आधी शेपूट, मग वशिंड, शेवटी शिंगं. सर एसटीतून उतरून पुढं जाऊन बघत उभे राहिले. गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीनं आले ते तडक माझ्या दुकानात. "फळी म्हंजे क्षितिज," एवढंच म्हणाले आणि चिठ्ठी दिली. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला ते वाक्य लिहिलेलं होतं.

असं कुठंही काही उलगडलं की ते मिळेल त्या कागदावर लिहून आणत. मी टाइप करायचो आणि चिठ्ठी कचऱ्याच्या टोपलीत टाकायचो. ही टोपली लक्षात ठेवा. माझं खोटं तिच्या जोरावर चाललं.

इथपर्यंतचं मी दुकानात बसून पुष्कळांना सांगितलं आहे. पुढचं सांगितलेलं नाही.

आमच्याकडच्या एका साप्ताहिकाचं राशिभविष्य मीच टाइप करत असे. त्यांचे ज्योतिषी पाठवायला विसरायचे, मग संपादक म्हणायचे, तूच लिही काहीतरी. मी लिहायचो. लोक त्याची कात्रणं ठेवत. माझ्या हाताला तसल्या वाक्यांची लय बसली होती आणि त्याचा मला छुपा गर्वही होता.

एका मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, दुकानात कुणी नाही. सरांचं एक जाड प्रकरण पुढ्यात होतं आणि त्यात अकरा कोऱ्या जागा. मी त्या भरल्या. 'हा तारा उगवताना जन्मलेला माणूस दुसऱ्याची विहीर खोदून देईल आणि स्वतः तहानलेला राहील.' 'त्याच्या बोलण्याला लोक हसतील, गप्प बसण्याला घाबरतील.' असल्या अकरा. सवय म्हणून भरल्या, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पुस्तकात आपली ओळ खपते का, हे मला बघायचं होतं.

खपली. सरांनी छापलेली पानं वाचली आणि विहिरीपाशी थांबले. "हे रं कुठल्या चिठ्ठीवर होतं?"

मी म्हणायला हवं होतं, माझ्या. 'निरंक'वर हसले तसे हसले असते. पण त्यांनी लगेच पुढं म्हटलं, "चांगलं उतरलंय." आणि मला ते ऐकत राहावंसं वाटलं. मी म्हणालो, "असंल एखाद्या पत्रिकेच्या मागं."

पुढच्या शुक्रवारी ते आले आणि स्टुलावर नुसतेच बसले. "मुळात विहीरच न्हाय रे," ते म्हणाले. हसतच म्हणाले, पण आवाज खाली होता. "त्या ओळींत विहिरीचा व न्हाय. मग मी कुठनं आणली?"

ही माझी दुसरी संधी. मी म्हणालो, "वयानं होतं, सर."

तुम्हाला सांगायला हवं, सर मूळचे कर्नाटकाच्या सीमेकडच्या जळकोटचे आणि त्यांचे थोरले भाऊ तिथंच म्हातारपणी डोक्यानं गेले होते. शेवटी पोराला बाप म्हणायचे, लहानपणच्या कानडीशिवाय काही बोलायचे नाहीत. सरांनी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांना आंघोळ घातली होती. हे मला माहीत होतं. माहीत असताना मी म्हणालो, वयानं होतं.

सरांनी अनुवाद थांबवला. "पोतं कुठलं आणि टाकलं कुठं हे ज्या हमालाला सांगता येत न्हाय, त्यानं घरी बसावं," असं एकदा रस्त्यात म्हणाले, तेवढंच. शुक्रवार बंद झाले. मी उद्या सांगू म्हणायचो, आणि उद्या सांगायला आजच्यापेक्षा जड जायचं. असे आठ महिने गेले.

मग जानेवारीत काकू दुकानात आल्या. सरांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं होतं, त्या कागदांच्या प्रती हव्या होत्या. "काही निघालं नाही त्यात," काकू म्हणाल्या. "पण हे म्हणतात, फोटोत दिसत नाही, सुरुवात अशीच होते. गॅस बंद केला का म्हणून चारदा उठतात. पेपर वाचून झाला की मला परीक्षा घ्यायला लावतात. काल म्हणाले, पान तीनवर काय होतं ते विचार. मीच विसरले होते."

सरांच्या डोक्याच्या कागदांच्या झेरॉक्स मीच काढल्या. दोन प्रती. स्टेपल करून दिल्या.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"सर, ती विहीर माझी."

त्यांनी मान वर केली नाही. दोन शेंगा फोडल्या. "कुठली?"

"पोथीतली. तुमच्या चिठ्ठ्यांवर काही नव्हतं. अकराच्या अकरा ओळी मीच लिहिल्या."

"ते गप्प बसण्याला घाबरतील, ते?"

"ते पण."

मी मार खायच्या तयारीनं गेलो होतो. सर उठले, मांडीवरची टरफलं सगळी अंगणात सांडली. "अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "भाईर ये आधी. माझं डोकं शाबूत हाय. ह्यो लबाड हाय."

ते हसत होते. माझ्या पाठीवर थापा मारत होते. त्यांना इतका आनंद झाला की माझ्यावर रागवायचं राहूनच गेलं. काकू ओल्या हातांनी दारात आल्या, त्यांना सगळं परत सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत. "आठ महिने?" एवढंच त्यांनी विचारलं. सर मला जेवल्याशिवाय जाऊ देईनात. मी जेवलो. काकूंनी वाढलं, पण पानाकडं बघून, माझ्याकडं नाही.

सोमवारपासून सरांनी पुन्हा वही उघडली. शुक्रवारी मी वाट बघत बसलो. अकराला सर आले, छत्री वर करून मला दाखवली आणि सरळ पुढं गेले. बसस्टँडजवळच्या एका टायपिस्टाकडं त्यांनी काम दिलं होतं. दोन-तीन शुक्रवार मी ते बघितलं. मग एकदा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

"सर, माझ्याकडं आणा की. एक अक्षर हलवणार न्हाय."

"तू हलवणार न्हाईस, माहीत हाय मला," ते म्हणाले. "पण तू लिहितोस चांगलं, लेका. त्याचंच भ्या वाटतं. तो बसस्टँडवाला जोडाक्षरंसुद्धा धड काढत न्हाय. माझ्या कामाला तोच बरा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ती विहीर अजून डोक्यातनं जाईना बघ." आणि गेले.

पुढल्या दिवाळीनंतर सर वारले. चार दिवसांचा ताप, दुसरं काही नाही. पोथीचं शेवटचं प्रकरण राहिलं. तीसेक पानांचं आहे. आठवड्याला एक पान हा त्यांचा वेग मला ठाऊक होता, त्यामुळं आठ महिन्यांत किती झालं असतं हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

गेल्या महिन्यात काकू दुकानात आल्या. राहिलेली लॅटिन पानं त्यांनी टेबलावर ठेवली. "बसस्टँडवाला म्हणतो, मराठीत लिहून आणा मग टायपतो. तूच त्यांच्याजवळ बसत होतास. तुला येतं का यातलं काही?"

मी पहिलं पान ओढून घेतलं. इतकी वर्षं बघून चार-दोन शब्द ओळखीचे झाले होते. तारा कुठला, बैल कुठला, एवढं. बाकी सगळा काळोख. आणि तरीही पहिल्या ओळीवर नजर गेली तशी माझ्या डोक्यात एक मराठी वाक्य तयार झालं. पूर्ण, लयीत, शेवटाला वजन असलेलं. काकूंना आवडलं असतं. सरांनाही आवडलं असतं.

"नाही येत, काकू."

"अंदाजानं?"

"अंदाजानं येतं," मी म्हणालो. "फार चांगलं येतं. म्हणून मला देऊ नका."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग पानं त्यांनी टेबलावर आपटून सारखी केली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." पायरी उतरून त्या बसस्टँडच्या बाजूला न जाता घराच्या वाटेनं गेल्या.