काळ्या पाण्यावरचं आवतन

नव्वद सालाच्या आधीची गोष्ट. आमचं सेक्शन अंदमानात, खाडीकाठच्या एका पोस्टवर होतं. मी नायक, भोकरदनचा. माझा बडी लान्स नायक बापूराव, पिंपळगाव रेणुकाईचा. एकाच तालुक्याचे, म्हणून चहा एका मगात अन् भांडण दिवसभर.

अंदमानचं पोस्टिंग आलं तवा सगळे कुरकुरले. हा गडी मात्र खूश. त्याच्या खापरपणजोबाला, भिवाजीला, इंग्रजांनी काळ्या पाण्यावर धाडलं होतं. गोऱ्या साहेबावर कुऱ्हाड उगारली, एवढाच गुन्हा. समुद्र ओलांडला म्हणजे मेला, असं धरून घरच्यांनी त्याचा पुतळा जाळला. पण देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, त्यात त्याचा टाक कधी बसला न्हाई. कुठं मेला, अग्नी कुणी दिला, काहीच ठाव न्हाई, मंग टाक कसा बसवणार? निघताना बापूरावच्या आईनं बजावलं, "त्याचा ठिकाणा लाव. तिथली चिमूटभर माती आण. घरात घेऊ त्याला."

"अरे येड्या, शंभर वर्षांमागचा कैदी तुझ्यासाठी पत्ता ठेवून गेला काय?" मी चिडवायचो.

"आईनं सांगितलंय," एवढंच बोलायचा. सुट्टी मिळाली की जुन्या वस्त्या धुंडाळत फिरायचा.

पोळ्याच्या आदल्या सांजेला आम्ही पेट्रोलवरून परत येत होतो. एक म्हातारा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होता. आमच्याकडं याला खांदेमळणी म्हणतात. चोळून झाल्यावर तो बैलाच्या कानाशी वाकला अन् म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

बापूराव जागीच थांबला. "बाबा, मराठी आती है?"

"नहीं साब. ये तो बैलों की बोली है. बाप बोलता था, उसका बाप बोलता था."

"कहाँ के थे?"

म्हाताऱ्यानं झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड दाखवला. "रेनुकाई के. परदादा कैदी था, भिवा नाम. सजा कटी तो जमीन मिली. इसी पेड़ के नीचे जलाया उसको."

बापूराव त्याच्या पाया पडला. रडत होता अन् हसत पण होता. मी म्हटलं, जल्दी कर, माती घे. तर म्हणे, "सणाच्या तोंडावर घरच्या माणसाला उठवू नये. उद्या काकाकडं जेवतो, मंग नेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुफान आलं. खाडी वस्तीत शिरली. वस्ती खाली करायची ऑर्डर आली. दुपारपर्यंत माणसं टेकडीवर नेली. वायरलेसवर साहेब होते.

"सगळे निघाले? ओव्हर."

"एक म्हातारा बाकी, सर. बैल सोडून येत न्हाई. ओव्हर."

"दोघं जा. रस्सी बांधून. ओव्हर."

मी अन् बापूराव गेलो. पाणी छातीला लागलं होतं. बापूरावनं बैलांची दावी कापली. मंग स्वतःच्या कमरेची रस्सी सोडून म्हाताऱ्याला बांधली.

"बापू, रस्सी सोडू नको!"

"माझा काका हाय तो. तू वढ. मी बैलांच्या मागं आलोच."

मी जीव खाऊन वढलं. म्हातारा काठाला लागला. बैल पोहून वर आले. बापूराव आला न्हाई.

पाणी उतरल्यावर सापडला. त्याच झाडाखाली अग्नी दिला. साहेबांनी विचारलं, नात्याचं कोण? म्हातारा पुढं झाला. मी लेकरावानी रडलो, त्याची मला बिलकुल लाज न्हाई.

त्या झाडाखालची माती घेऊन मीच पिंपळगावला गेल्तो. आईनं पुडी कपाळाला लावली. "एकाला आणायला धाडलं होतं रे," ती म्हणाली, "तू दोघं आणलेस." तिनं दोन टाक घडवले.

आता आई पण न्हाई. बापूरावचा भाऊ घर सांभाळतो. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी भोकरदनहून एस्टीनं जातो. गोठ्यात खांदेमळणी होते. उरलेलं हळद-तूप बोटावर घेऊन मी देव्हाऱ्यापुढं बसतो अन् दोन्ही टाकांना लावतो. आईनं पाडलेली रीत हाय ही.

"भिवाजीबाबा, बापू, आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."