जुळ्यांच्या नोंदीचा वचपा

माझी मावशी डूख धरते. हे मी कौतुकाने सांगते आहे. शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या केंद्रात तिने सतरा वर्षं नोंदणीचं टेबल सांभाळलं. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला न्यायला फक्त आजोबाच येणार, सगळं तिला तोंडपाठ. पालक तिला ‘फाटक’ म्हणत, कारण तिने हो म्हटल्याशिवाय मूल बाहेर पडत नसे.

दोन वर्षांपूर्वी संचालकांनी नोंदणीचं सॉफ्टवेअर घेतलं. सुट्टीतल्या शिबिराच्या पहिल्या सकाळी दोन जुळ्या बहिणी आल्या, आणि यादीत एकच निघाली. शिबिर भरलेलं. दुसरी दप्तर घट्ट धरून दारात रडत राहिली. सॉफ्टवेअर विकणारा तिथेच होता. सगळ्या पालकांसमोर तो हसत म्हणाला, “मॅडमनी भरलंच नसणार. या वयात जमत नाही हो कॉम्प्युटर.” संचालकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “मी दोघींना भरलं होतं गं.” तिचा तो चेहरा आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

पुढे केंद्राने ते सॉफ्टवेअर बंद केलं, पुन्हा वह्या आल्या, त्यांचाही गोंधळ झाला, आणि यंदा नवं निवडायची वेळ आली. मुलांची खडान्‌खडा माहिती दुसऱ्या कुणाला होती? पारखायला मावशीलाच बोलावलं. तिने मला मदतीला म्हणून नेलं. खरं तर साक्षीला.

तीन विक्रेते आले. पहिल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आईवडील वेगळे राहतात अशा मुलाची नोंदच होईना. दुसऱ्यात, न्यायला कोण येणार हे लिहायला जागाच नव्हती. तिसरा विक्रेता तोच निघाला. मावशीला बघून त्याने उगाच टाय नीट केला.

“दोन मुली भरा,” मावशी म्हणाली. “आडनाव एक, जन्मतारीख एक, आईचा फोन एक.”

त्याने भरल्या. दुसरीच्या वेळी पडद्यावर प्रश्न आला: ही जुळी मुलं आहेत का? त्याने ‘हो’ दाबलं. दोघी यादीत.

मला वाटलं, गेला डाव. मावशी मात्र चष्मा पुसत शांतपणे म्हणाली, “छान. हा प्रश्न कधीपासून विचारता?”

“झाली की दोन वर्षं.”

“नक्की कधी?”

तो घुटमळला. “तुमच्या त्या शिबिरानंतरच्याच आठवड्यात. आधी दुसरं नाव दुबार समजून आपोआप पुसलं जायचं.”

म्हणजे आठवड्यातच याला सगळं कळलं होतं, आणि माझी मावशी दोन वर्षं चेंडूंत हवा भरत बसली होती.

“सॉफ्टवेअर चांगलं आहे, हेच घ्या,” मावशी संचालकांना म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “फक्त बाहेर चला आणि आत्ता म्हणालात ते सगळ्यांना सांगा. पालकांची बैठक आहे.”

मी धावत पुढे जाऊन माईक चालू केला. तेवढं पुण्य मलाही हवं होतं. त्याने खाली बघत पुटपुटत सांगितलं.

“मागे ऐकू गेलं नाही,” मावशी म्हणाली.

त्याने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. कान लाल झाले होते. मावशीने त्याच्या हातून माईक घेतला आणि संचालकांपुढे धरला.

“साहेब, आता तुम्ही.”