भट्टीवरचा काळा खडा

चंद्रपूरच्या एका कारखान्यात, वितळलेल्या मिश्रधातूत मी ओला चमचा बुडवला.

नमुना घ्यायचा तो लांब दांड्याचा चमचा भेसळ नको म्हणून मी स्वतः नळाखाली घासून आणला होता. क्ष-किरणांनी द्रवातली अणूंची रचना शोधणं हा माझा धंदा. पाण्याची वाफ होते हे मात्र तेव्हा आठवलं नाही. तिथला भट्टीवाला प्रत्येक चमचा आधी भट्टीच्या कडेवर तापवायचा आणि गालाजवळ नेऊन सुकला का ते बघायचा. माझा चमचा टपकताना पाहून तो धावला, त्यानं मला मागे ढकललं आणि उसळलेला रस त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेलो. डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. मी खिशातला क्ष-किरणांचा आलेख काढून त्याच्या हातात दिला.

"धातूवर तरंगणारा वितळलेला मळ उडून इतक्या झटकन थिजला, की अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. त्याची काच झाली. रेषेवर टोकदार शिखरांऐवजी हा एकच पसरट उंचवटा त्यामुळेच आलाय."

त्यानं कागद डाव्या डोळ्याजवळ नेला.

"हा मळ कुठी भेटला तुमाले?"

"तिथंच. तुमच्या पायाशी खडा पडला होता."

"कवा उचलला?"

"लगेच. नमुने उचलायचा चिमटा खिशातच होता."

त्यानं कागदाची नीट घडी घालून मला परत दिली.

"म्हंजे मी डोळा धरून बोंबलत होतो, तवा तुमी खाली वाकून खडा उचलून राह्यले होते."