आहेरातला टॉवेल

१४ डिसेंबर. सकाळची कामं आटोपून तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसले आहे. जानेफळकडच्या एका शेतातून दर वर्षी याच दिवसांत पिशवीभर शेंगा येतात. पिशवी आणून देणारा पिकअपवाला चहा घेतल्याशिवाय हलत नाही. शेंगा पाठवणारा स्वतः कधी येत नाही. नोकरीत होते तोवर मी पिशवी परत पाठवायची. आता निवृत्त आहे, ठेवून घेते. हात सोलण्यात असतात आणि या दोघांचं प्रकरण पहिल्यापासून पुन्हा डोळ्यांसमोर येतं.

तेव्हा मी मेहकर भागातल्या एका ठाण्याची ठाणेदार होते. एका सकाळी रुग्णालयातून खबर आली की, आदल्या दिवशी दिवेलागणीला एक बेशुद्ध माणूस कुणीतरी आणून सोडला आहे. डोक्याला मार, पाय मोडलेला, वाहनाच्या धडकेची जखम. आणणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं. स्ट्रेचरवर ठेवलं, डॉक्टर आत घेऊन गेले हे पाहिलं आणि माणूस निघून गेला.

जखमी एका खेड्यातला शिंपी होता. शिवलेले कपडे पोचवून सायकलवर घरी निघाला होता. दोन दिवसांनी शुद्धीवर आला, पण मागून काय आदळलं ते त्याला सांगता येईना. जागेचा पंचनामा केला तेव्हा वाकलेली हिरवी सायकल आणि रस्त्याच्या कडेला पडलेली चप्पल, एवढंच मिळालं.

मग टीप आली. रस्त्यावरच्या एका टपरीवाल्याने फोन केला की, शिंप्याच्याच गावच्या पिकअपचा पुढचा दिवा फुटलेला आहे आणि ती त्या संध्याकाळी तिथूनच गेली. गाडी आणली, दिवा खरंच फुटलेला. मालक तिशीचा, साखरखेर्ड्याच्या बाजारात गावाचा भाजीपाला नेणारा. दिवा बाजारात क्रेट चढवताना फुटला म्हणत होता. क्रेट चढवणारा कोण, तर ओळखीचा नाही. त्या रस्त्याने गेलास का, तर गेलो. रस्त्यात काही दिसलं का, तर नाही. संशयिताने कसं बोलावं हे माहीत नसलेला माणूस स्वतःच्या विरोधातच बोलत जातो, तसं त्याचं चाललं होतं.

गुन्हा जामीनपात्र, म्हणून त्याला सोडलं. पण गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली आणि लायसन आमच्या ताब्यात. दोषारोपपत्र त्याच्याच नावाने जाणार हे ठाण्यात सगळ्यांनी धरलं होतं. गावाने तर निकालच देऊन टाकला. एकाच गावातला शिंपी, त्याला उडवून हा पळाला, म्हणून लोकांनी त्याच्या ओट्यावर बसणं सोडलं.

त्याची बायको रोज येऊन व्हरांड्यात बसायची. रडत नव्हती, ओरडत नव्हती. मी गाडीतून उतरले की उभी राहायची. एकदा म्हणाली, "मॅडम, त्यानं उडवलं असतं तर तो थांबला असता. आमच्या लग्नाचा सदरा त्या शिंपीकाकानंच शिवला हाय."

आमचे जमादार जुने, मुरलेले. ते म्हणाले, "बाई, प्रत्येकाची बायको हेच सांगते."

"प्रत्येकीचं मले माहीत नाही, साहेब. माह्यावाल्याचं माहीत हाय."

बायकोच्या सांगण्यावर तपास चालत नाही. पण एक गोष्ट मलाही खटकत होती. दिवा फुटला तर काच तिथंच पडते. जागेवर काचेचा कणही नव्हता. जमादार म्हणाले, वाहनांच्या चाकांनी उडाली असेल. सगळी कशी उडेल?

जमादारांचा दुसरा तर्क असा होता की, पिकअपवाला नसेल तर आणून सोडणाराच उडवणारा. आमच्या भागात हा समज पक्का आहे. जखमीला उचलणारा म्हणजे त्यानेच धडक दिली असणार, नाही तर कोण कशाला झंझट घेईल? म्हणून तर लोक बघत उभे राहतात. कायदा याच्या उलट सांगतो. जखमीला नेणाऱ्याला नाव विचारून अडवून ठेवता येत नाही. पण कायदा टपरीवर पोचत नाही.

मी मुद्देमाल पुन्हा काढायला लावला. शिंप्याचे कपडे, चप्पल आणि डोक्याला बांधलेला टॉवेल. टॉवेल रक्ताने कडक झाला होता, पण एक कोपरा कोरा राहिला होता. पांढरा, लाल काठाचा, कांजी न गेलेला, एकदाही न धुतलेला. आणि त्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट.

विकत घेतलेल्या टॉवेलला कुंकू कुणी लावत नाही. हा आहेरातला होता. टोपीबरोबर दिलेला, आणि घेणाऱ्याने त्याच दिवशी खांद्यावर टाकलेला. आहेरात टॉवेल एकटा देत नाहीत. म्हणजे कुठल्यातरी घरात त्याच्या जोडीची टोपी एकटी राहिली असणार.

बीट अंमलदारांना एवढंच काम दिलं: त्या दिवशी या रस्त्यावरच्या गावांत कुणाकडं काय कार्यक्रम होता? एक बारसं निघालं, एक जावळ निघालं आणि जानेफळच्या अलीकडं एका भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. तिथं मुलाकडच्यांनी पुरुषमंडळींना पांढऱ्या, लाल काठाच्या टॉवेलांचा आहेर केला होता.

मी स्वतः गेले, साध्या कपड्यांत. मुलीचे वडील वांग्याच्या वाफ्यातून हात पुसत आले. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. दारापुढं अजून मांडवाचे बांबू उभे होते. त्यांच्या बायकोने पाणी आणलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बारावीनंतर नर्सिंग केलेली, नजर सरळ.

साक्षगंध कसं झालं, विचारलं. चांगलं झालं, पाहुणे चांगले भेटले, घर खाऊनपिऊन आहे, असं त्यांनी सांगितलं. आहेराबद्दल विचारलं तर कुणाला काय आलं हे त्यांच्या बायकोने हौसेने सांगितलं. तेवढ्यात मला खुंटीवरची नवी टोपी दिसली. कुंकवाचा ठिपका तसाच होता.

"टोपी हाय. तिच्या जोडीचा टॉवेल कुठं गेला?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. मीही याच जिल्ह्यातली.

"धुवाले टाकला."

"कवा टाकला, बाबा?" मुलगी दारातून म्हणाली. "धुणं तर मी धुते."

नोकरीत मी घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली. ज्याने गुन्हा केला तो विचारणाऱ्याकडं पाहतो, किंवा मुद्दाम पाहत नाही. हा माणूस माझ्याकडं पाहतच नव्हता. तो मुलगी उभी होती त्या दाराकडं पाहत होता. याने धडक दिलेली नाही, हे मला तिथंच कळलं. याने पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं ते त्या दारापर्यंत पोचतं.

मी कोण ते सांगितलं. शिंपी वाचला, हेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. मग मी कायदा सांगितला: तुम्ही मदत केली, तुमच्यावर काही येत नाही, बोलायची सक्ती नाही. शेवटी पिकअपवाल्याचं सांगितलं. उभी गाडी, जमा लायसन, व्हरांड्यात बसणारी बायको, कुणी बसत नाही तो ओटा.

ते म्हणाले, "मॅडम, मी माणूस नेला ना दवाखान्यात. आता अजून काय पाह्यजे?"

"दवाखान्यात नेला तो वाचला. आता त्याच्यापायी दुसरा बुडून राह्यला."

मी उठले. जास्त बसले असते तर तो दबाव झाला असता. मुलगी फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, गाडी आमच्या पाहुण्याईची होती का?"

"मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते तुझ्या घरात बसले आहेत."

दुपारच्या चहाच्या वेळी बापलेक ठाण्यात आले. व्हरांड्यात पिकअपवाल्याची बायको होती. कोण कुणाचं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पण मुलीचे वडील तिच्यासमोर क्षणभर थांबले आणि मग आत आले.

त्यांनी सांगितलं ते असं. साक्षगंध उरकून पाहुणे जीपमध्ये निघाले आणि शिदोरीची पाटी ओट्यावरच राहिली. पुरणपोळ्या, कुरड्या, लाडू. पाहुणे शिदोरीवाचून गेले तर मुलीकडच्यांची शोभा होते. म्हणून भाजी न्यायच्या तीनचाकीत पाटी घालून ते मागे निघाले. वळणाच्या अलीकडं जीप दिसली, हात करणार तोच तिने सायकलला मागून उडवलं. जीप हळू झाली. ते म्हणाले, "मले वाटलं थांबते." ती थांबली नाही. चालवत होता नवरदेवाचा मामा. त्यांनी पाटी बाजूला सारली, शिंप्याला मागे निजवलं, खांद्यावरचा टॉवेल डोक्याला बांधला. शिदोरी दवाखान्याच्या फाटकावर कुणाला तरी देऊन टाकली. घरी सांगितलं की, पाहुणे गाठले, पोळ्या पोचवल्या.

एवढं बोलून ते थांबले. रायटर जबाब घ्यायला तयार बसला होता.

"लिवल्यावर परत फिरवता येत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मुलीकडं पाहिलं. मुलीने घरूनच नवरदेवाला फोन लावला होता. तो जीपमध्ये मागे बसलेला होता. मामाने गप राहायला सांगितलं म्हणून गप राहिलो, असं तो म्हणाला होता. तिने हे कुणाचीही बाजू न घेता सांगितलं. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, ते लोक माणूस रस्त्यावर टाकून जातेत. उद्या मी आजारी पडली तर माह्यासाठी गाडी थांबवतीन का?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिवा, साहेब," ते रायटरला म्हणाले.

पुढचा तपास सरळ होता. जीप ताब्यात घेतली तेव्हा पुढच्या लोखंडी गार्डवर सायकलचा हिरवा रंग घासलेला मिळाला. मामाने पहिल्याच चौकशीत कबूल केलं. अट्टल माणूस नव्हता. घाबरला, पळाला आणि घरच्यांनी त्याला तसंच राहू दिलं. नवरदेवानेही मागून जबाब दिला, हे त्याच्या बाजूने नमूद करते. पिकअपवाल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि त्याची गाडी सुटली. ती सुटली त्या दिवशी जमादारांनी ड्रायव्हरबाजूची काच स्वतः फडक्याने पुसून दिली.

सोयरीक मोडली. गावात लोक म्हणाले, बापाने स्वतःच्या हाताने पोरीचं वाटोळं केलं. ते बोलणं त्या घराने वर्षभर ऐकलं. पुढं मुलगी एका रुग्णालयात नोकरीला लागली, तिथल्याच सहकाऱ्याशी तिचं लग्न झालं. लग्नाला भाजीपाला पिकअपवाल्याने पोचवला. शिंपी एक पाय ओढत आला होता, पहिल्या पंगतीला बसला.

या प्रकरणाने मला काय दिलं, असं कुणी विचारतं तेव्हा मी लांबलचक सांगत नाही. जखमीला उचलणं हे त्या माणसाने एका क्षणात केलं. विचार करायला वेळच नव्हता. अवघड होतं ते नंतरचं, विचार करायला भरपूर वेळ असताना करायचं. ठाण्यात बसून मी चोर, लबाड, खोटे साक्षीदार यांच्यात आयुष्य काढलं. अशा नोकरीत माणसाचा माणसावरचा भरवसा झिजतो. माझा टिकला तो अशा दोन-चार लोकांमुळं, आणि त्यांचं देणं मी मानते.

जबाब झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापड दुकान उघडायची वाट पाहत उभी राहिले. रक्ताचा टॉवेल मुद्देमालात होता. तो खटला संपेपर्यंत सुटणार नव्हता, आणि सुटला असता तरी कुणाच्या खांद्यावर टाकण्यासारखा राहिला नव्हता. पांढरा, लाल काठाचा टॉवेल घेतला. दुकानदाराची देवपूजा नुकतीच झाली होती. त्याच्या गल्ल्याशेजारच्या कुयरीतलं कुंकू बोटावर घेऊन कोपऱ्याला लावलं. मग गाडी जानेफळ रस्त्याला घ्यायला सांगितली.

ते वाफ्यात होते. टॉवेल हातात दिला तर म्हणाले, "हे कायले, मॅडम?"

"टोपी एकटी राह्यली होती," मी म्हणाले, आणि हजेरीची वेळ झाली होती म्हणून चहा न घेता ठाण्यात परतले.