चित्रातला शिळा मासा

माझी जीभ म्हणजे लवंगी मिरची, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक. पण ती सगळ्यांत वाईट कुठे चालली, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पळस्प्याच्या बाजूला नव्यानंच उघडलेल्या एका इंग्रजी शाळेच्या फाटकाशी चालली.

तेव्हा ज्युनिअर केजीलासुद्धा मुलांची मुलाखत घ्यायचे. लेक चार वर्षांची. मी दहावी पास, नवरा उरणला बंदरावर पाळीला, आणि सासूबाई पनवेलच्या मासळी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या. त्यांना सगळं घर बय म्हणायचं, मीही. आमच्यात सासूलासुद्धा अगं-तुगंच. मी दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात, म्हणून पोर बयच्या पाटीशेजारीच वाढली. पण शाळा हीच मिळाली पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलेलं. दीड महिना घोकून घेतलं तिच्याकडून, ए फॉर ॲपल, एफ फॉर फिश. बिचारी झोपेतही बरळायची.

बुधवारी बोलावणं आलं. नवऱ्याला रजा मिळेना आणि पोर बयशिवाय पाऊल उचलेना, म्हणून बयही निघाली. रिक्षातून उतरले. केवढी ती इमारत! लादी अशी की बाहेरच चपला काढाव्यात. आत एवढी पोरं, पण हूं की चूं नाही. आमच्या घरात चार माणसांचा गलका बाजाराएवढा! इस्त्रीच्या साड्यांतल्या आया बघितल्या आणि मागे वळून मी बयला म्हटलं, "तू इथंच थांब. आत वास येईल."

"बरा," बय बोलली आणि भिंतीकडे सरकली.

आत टेबलामागे मोठ्या बाई. त्यांनी एकेक चित्र दाखवलं. ॲपल झालं, बॉल झाला, कॅट झाली. पोर पोपटासारखी बोलत होती आणि मी मनात एकवीरा आईला नवस बोलत होते. मग माशाचं चित्र आलं. पोरीनं ते हातात घेतलं, तिरकं करून बघत राहिली.

"एफ फॉर..." मी पुटपुटले. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"हा घ्यायचा नाय," पोर म्हणाली. "शिला हाय."

"शिळा?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "कशावरून गं?"

"डोला बघ, कसा पांढरा झालाय. कल्ला पन दाखवत नाय." तिनं चित्र परत केलं, गिऱ्हाईक मासा परत टाकतं तसं. "ताजा दाबला का खड्डा नाय पडत." आणि कळायच्या आत खुर्चीवरून उतरून तिनं बाईंचा दंडच दाबून बघितला. "तू ताजी हाय."

अगं आई गं! धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. दीड महिन्याची घोकंपट्टी पाण्यात. आता कसली शाळा नि कसलं काय! पण बाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"बयनं. ती भायेर हाय. आईनं आत नाय घेतली. वास येतो बोलली."

हसणं थांबलं. बाई मला काही बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते, माझा स्वभावच तो. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

मी फाटकाशी गेले. बय उन्हात तशीच उभी होती, जिथं ठेवली तिथंच. "आत बोलवलंय," म्हटलं. तिनं दारातच चपला काढल्या आणि माझ्या अंगावरून पुढे गेली. तेव्हा मला वास आला. साबणाचा, आणि अबोलीच्या वेणीखालच्या तेलाचा. दुसरा कसलाही नाही. बुधवार म्हणजे मासळीचा मोठा वार, आणि बय पाटी न उचलता, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. सगळी वाट माझ्या शेजारी रिक्षात बसली होती आणि मी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "बसा ना."

"नको. तुमच्या खुर्चीला वास लागंल," बय म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच तसं वाटत होतं. मग तिनं हात जोडले. "बाई, पोरीला घ्या. मना वाचाया येत नाय, हिला येऊ द्या. मी परत फाटकाशी येनार नाय. माज्यामुलं हिला नाय बोलू नका."

मी आयुष्यात बरीच मोठी माणसं लांबून बघितली. पण एवढं मोठं माणूस एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. आणि लग्न होऊन सहा वर्षं मी तिच्याच हातचं जेवत होते.

"जूनपासून पाठवा तिला," बाई म्हणाल्या आणि मी भरून दिलेला फॉर्म माझ्याकडे सरकवला. मुलाला न्यायला कोण येणार, असा एक रकाना होता. तिथं मी घरूनच माझं नाव लिहून आणलं होतं, धडधडीत खोटं. मी सुटायचे संध्याकाळी सहाला. बाईंनी तिथं बोट ठेवलं आणि बयकडे बघितलं. मी ते नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

बय घाबरून कागदाकडे बघत होती. "काय खोडलास गो?"

"माझं नाव. तुझं लिहिलं. रोज दुपारी तू यायचंस हिला न्यायला."

"फाटकाशी?"

"नाही बय," मी म्हटलं. "आत."