पूर्णेत सोडलेल्या बरगड्या

तितिक्षा हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कुणी ऊन सोसले, तहान सोसली, चार टोचरी वाक्ये ऐकून घेतली, की त्याला सोशिक म्हणून आपण मोकळे होतो. परंतु आपण आहोत की नाही, याचीच घरातल्यांना शंका असावी आणि तरीही त्याच घरात रोज पहाटे उठून दूध तापवावे, विरजण लावावे, हे सोसणे निराळ्या जातीचे. अमरावतीच्या चारुशीलाबाईंच्या ठायी ते होते.

त्रेपन्न साली मोरोपंत याज्ञिकांच्या घरात क्षयाने दोघींना एकदमच गाठले. एक सून चारुशीला, दुसरी लेक अनुपमा. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोघींच्या छातीचे फोटो उजेडापुढे धरले. डावे फुप्फुस दोघींचेही पोखरले होते. उपाय दोन होते. नवी इंजेक्शने आणि गोळ्या दीर्घकाळ घ्याव्यात, किंवा बरगड्या काढून ते फुप्फुस कायमचे दाबून टाकावे. औषधाचा खर्च एकीपुरताच झेपणारा होता. अनुपमेचे लग्न व्हायचे होते. तिच्या अंगाला चाकू लागू नये म्हणून मोरोपंतांनी औषध लेकीला दिले आणि शस्त्रक्रिया सुनेच्या वाट्याला आली. तिचे यजमान हेमचंद्र वडिलांपुढे कधीच बोलत नसत.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर इस्पितळातला डोमाजी एक झाकलेले भांडे घेऊन बाहेर आला.

"महाराज, सूनबाईचे हाडं हायेत. फेकून देऊ का?"

"फेकतोस काय मेल्या! माणसाच्या अस्थी आहेत त्या."

"मंग तुमीच न्या. आमी तं रोजच फेकून राहिलो."

मोरोपंतांनी त्या बरगड्या कोऱ्या वस्त्रात बांधल्या आणि पूर्णेवर नेल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कितीकांच्या अस्थी त्या पात्रात सोडल्या होत्या. त्या सवयीने जीभ आपोआप चालत गेली. सुनेचे गोत्र आले, नाव आले आणि नावामागून प्रेत हा शब्दही आला. गाठोडे बुडाले, तेव्हा ते भानावर आले. इकडे खाटेवर चारुशीला गुंगीतून डोळे उघडत होती. तिने नर्सला विचारले, "माझ्या डाव्या कुशीत पाणी कुणी ओतलं?"

ती बरी झाली. रोग पुन्हा उलटला नाही. मात्र डावा खांदा उतरला, छातीला खळगा पडला, आणि त्या बाजूला कान लावला तर श्वास ऐकू येत नसे. घरी आल्यापासून मोरोपंतांनी तिला हाक मारणे सोडले. तिने वाढलेल्या पानाकडे ते पाहत, तिच्याकडे पाहत नसत. श्राद्धाच्या दिवशी तिला स्वयंपाकघर वर्ज्य झाले, माणिकबाई स्वयंपाकीण येई आणि म्हणे, "तुम्ही पडा हो जरा, तब्येत नाजूक तुमची."

काही वर्षे अशीच गेली. एकदा अविधवा नवमीला, दिवंगत सासूबाईंच्या श्राद्धासाठी लावलेले दही घेऊन ती माजघराच्या दारापर्यंत आली. आत मोरोपंतांनी सासूबाईंचे नाव उच्चारले, पिंड ठेवला. मग दुसरा पिंड उचलला आणि तिचे नाव घेतले.

पाऊल वाजले, म्हणून त्यांनी मागे पाहिले. जिला बोलावले तीच दारात उभी होती.

"घे," ते पुटपुटले, "घे, आणि जा बाई."

तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून त्यांनी पूर्णेवरची चूक तिला सांगितली. चुकीला शास्त्रात परिहार होता; पण तो चारचौघांत करावा लागतो, आणि जिवंत माणसाला पोचवणाऱ्या याज्ञिकाला कोण बोलावणार? म्हणून ते दरवर्षी त्या नावाला गुपचूप जेवू घालीत होते. चारुशीलेने ऐकून घेतले आणि विरजण लावायला गेली.

पुढच्याच वर्षी अनुपमेच्या थुंकीत रक्त दिसले. खोकला थांबताच तिने गोळ्या सोडल्या होत्या. "नेमाने पुरत्या घेतल्या असत्या तर चाकू लागलाच नसता," डॉक्टर म्हणाले. "आता त्या लागू पडत नाहीत. शस्त्रक्रिया करा, आणि लवकर करा."

अनुपमा हटून बसली. "मी वहिनीसारखी होणार नाही. बाबा तिला पिंड घालतात, मी पाहिलंय. मरायचंच तर एकदा मरेन."

तेव्हा मात्र चारुशीला सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, मला परत जन्माला घाला."

"गाव हसेल."

"हसू द्या. अनु बघेल."

उत्तरकार्य चुकून झालेल्या जिवंत माणसाला पुनर्जन्म देण्याचा तो विधी. ज्यांच्या घरची कार्ये मोरोपंत करीत, ते यजमान जमले. त्यांतले खुशालराव दारातूनच म्हणाले, "पंत, आमच्या बापाले तरी बरोबर पोचवलं ना, का तोही येऊन राहिला घरी?" मोरोपंतांनी मंत्र सुरू केले. सर्वांगाला तूप माखलेली चारुशीला पाणी भरलेल्या मोठ्या घंगाळात गर्भासारखी बसली होती. मुठी वळलेल्या, डोळे मिटलेले, वाचा बंद. मंत्र संपले. मोरोपंत वाकले आणि तिच्या कानात त्यांनी तिचेच नाव ठेवले.

घंगाळातले पाणी हलले. जिथे श्वास नव्हता, त्या डाव्या कुशीपासून एक वलय निघाले आणि काठाला लागले. अनुपमेने ते पाहिले. तिचा हात आपल्या डाव्या बरगड्यांवर गेला.

"बाबा," ती म्हणाली, "अकोल्याला कधी निघायचं?"

खुशालरावांनी आणि इतरांनी दुसरा याज्ञिक पाहिला. अनुपमेची शस्त्रक्रिया पार पडली. सदुसष्टच्या हिवाळ्यात, अर्ध्या श्वासावर इतकी वर्षे चाललेले चारुशीलाबाईंचे हृदय थकून थांबले. त्यांना मूलबाळ नव्हते. अनुपमा भातकुलीच्या शाळेत शिकवते, आणि धडा वाचताना मध्ये एकदा दम घ्यायला थांबते.